शेवटच्या रांगेतला हात

तणसाचा, वाळल्या पेंढ्याचा वास आला की ती धानाची बांधी आठवते. आम्ही मित्रांनी मिळून गावातच सिनेमा केला होता. त्यात आईचं काम करणाऱ्या बाई झाडीपट्टीच्या नाटकांत मुरलेल्या. त्यांचा नवरा प्रत्येक नाटकाला शेवटच्या रांगेत बसायचा आणि आवाज पोचला नाही की हात वर करायचा. "बाई, हळू बोला, माइक इथीच आहे," आम्ही शूटिंगला म्हणायचो. "मंग मांगच्याईले कसं आयकू जाईन?" म्हणत त्या हसायच्या. हळूहळू शिकल्या. सिनेमा पुरा व्हायच्या आधीच त्या वारल्या. कापणीनंतर बांधीत पडदा बांधला, गाव तणसावर बसलं. पडद्यावर बाई लेकाला हलकेच म्हणाल्या, "जेवून जा रे." मागं त्यांच्या नवऱ्यानं हात वर केला. मी स्पीकर पूर्ण वाढवला, तरी हात खाली आला नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो अजून वरच आहे.