माळशेजच्या घाटातली माकडीण

मला लिहायची सवय नाही, आठवीपर्यंत शिकलेय, चुकलं तर सांभाळून घ्या. भूतबित मी कधीच मानलं नाही... चाळीत कुणी असलं काही सांगायला लागलं की मीच पहिली हसायचे. आता हसत नाही. परीला, माझ्या मोठ्या मुलीला, चार वर्षांची आहे, गॅलरीत पण एकटी सोडत नाही.

आम्ही टिटवाळ्याला राहतो. मिस्टर कल्याणला शाळेची व्हॅन चालवतात. मार्चमध्ये मला दुसरी मुलगी झाली आणि एकवीस दिवसांत गेली. न्यूमोनिया बोलले डॉक्टर. एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात, आणि आमच्यात बायकांना तिथे जाऊ देत नाहीत. मिस्टरच घेऊन गेले. मी दारातून बघितलं तेवढंच... डोक्यात मी विणलेली पिवळी टोपी होती. लोकर संपलेली म्हणून एक नाडी हिरवी केलेली.

मे महिन्यात शाळेला सुट्टी, व्हॅन रिकामी. सासूबाई बोलल्या, जुन्नरला गावी जाऊन देवीची ओटी भरू, तुझं मन शांत होईल. आम्ही चौघंच निघालो. अकराच्या सुमारास माळशेज घाटात थांबलो. ऊन नुसतं पेटलेलं, डोंगर करपलेले, कठड्यावर लाल तोंडाची माकडं बसलेली. सासूबाई मिस्टरांना बोलल्या, "केळी लपव रे, तुझी शाळेची पोरं आली बघ!" कितीतरी दिवसांनी मी हसले.

तेवढ्यात एक माकडीण खाली उतरली. छातीशी पिल्लू धरलेलं, त्याचे हात नुसते लोंबत होते... मेलेलं होतं ते. मिस्टर बोलले, "असंच करतात त्या, सोडवत नाही त्यांना." त्यांनी केळं टाकलं, तिने बघितलं पण नाही. मी व्हॅनच्या दारात बसलेले, ती सरळ माझ्याकडे आली आणि पिल्लू माझ्या पायाशी ठेवलं.

परी बोलली, "मम्मी, आपल्या बाळाची टोपी!"

पिवळी. एक नाडी हिरवी. मातीने भरलेली, त्या पिल्लाच्या डोक्यात.

माझं दूध कधीच आटलेलं हो... आणि त्याच क्षणी माझा ब्लाउज भिजला. ती माझ्या तोंडाकडे बघत बसलेली, दात दाखवले नाहीत, आवाज नाही. आणि मी काय केलं? किंचाळले, पाय वर घेतले, धाडकन दार ओढून घेतलं. ती थोडा वेळ तशीच बसली. मग पिल्लू उचललं आणि दरीत उतरली.

मिस्टर आधी बोलले, "टाकली असेल गं कुणीतरी टोपी." मी बोलले, "आणि हिरवी नाडी?" तर हळूच बोलले, "मीच माती लोटली ना तिच्यावर." देवीची ओटी भरली, पण कशी भरली मला आठवत नाही. घरी आल्यावर ते बाळाला पुरलं तिथे जाऊन आले. ठेवलेले दगड तसेच आहेत, माती हललेली नाही. उकरून बघायची हिंमत त्यांची नाही, माझी पण नाही.

काल भाजी निवडताना सासूबाई एकदम बोलल्या, "एकदा मांडीवर घ्यायचंस गं... ती वाट बघत होती." ओरडल्या नाहीत, रडत होत्या.

ते काय होतं, कोण होतं, मला अजून कळत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा. पण मी घाबरले आणि तिला घेतलं नाही... हे मात्र मला कुणी समजावू नका.