वडूज ते सांगली: तात्यांच्या मेंदूत फेरफटका

दर दोन-तीन महिन्यांनी गाडी काढायची, कुठंतरी जाऊन यायचं आणि इथं लिहायचं, हा माझा शिरस्ता. या वेळी गड नाही की घाट नाही. या वेळी आम्ही माझ्या वडिलांच्या मेंदूत जाऊन आलो. हसू नका, पंधराशे रुपये तिकीट होतं.

आठ महिन्यांपूर्वी तात्यांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. सगळी हयात मेंढरांमागं ओरडण्यात घालवलेला माणूस आता भिंतीकडं बघत बसतो. काही विचारलं तर मानसुद्धा हलवत नाही. आई रोज बोलून बघायची, अलीकडं तीही गप्प झाली होती. "त्यास्नी कळतंय का न्हाई, एवढं समजलं तरी लय झालं," म्हणायची. तेवढ्यात तिच्या मोबाईलवर सांगलीची जाहिरात आली. डोक्याला टोपी, डोळ्याला चष्मा, आणि जिवंत मेंदू आतून बघा! मी शिरवळला कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे, असल्या भानगडींचा वास मला लांबून येतो. पण आईपुढं कोण बोलणार?

सकाळी सातला वडूज सोडलं. मायणी, विटा, तासगाव, सांगली. थांबत गेलात तर तीन तास धरा. विट्यात चहा घ्या आणि घरची भाकरी-ठेचा तिथंच सोडा. तासगावच्या आसपास द्राक्षबागा बघण्यासारख्या आहेत. तात्यांनी तिकडं ढुंकूनही बघितलं नाही.

केस धुऊन कोरडे ठेवा, तेल अजिबात नको, असं तिथल्या मॅडमनी फोनवर बजावलं होतं. आणि आमच्या मातोश्रींनी निघताना तात्यांच्या डोक्यात अर्धी बाटली खोबरेल जिरवलेलं! मी कपाळावर हात मारला.

"कोरड्या डोक्यानं परक्याच्या दारात न्यायचं व्हय?" आई माझ्यावरच उखडली. "लोक म्हणतील, घरात ह्यांच्याकडं कोण बघत न्हाई."

मेडिकल दुकानाच्या वरचा मजला. एसी, निळे दिवे, भिंतीवर मेंदूची चित्रं, आणि डॉक्टर नावाचा प्राणी औषधालाही नाही. मॅडमनी तेल बघून नाक मुरडलं, पैसे मात्र आधी घेतले. तात्यांचा पटका उतरवून वायरींची टोपी चढवली आणि आईच्या डोळ्यांवर भलामोठा चष्मा बसवला. तिला दिसणारं सगळं भिंतीवरच्या टीव्हीवर आम्हालाही दिसत होतं.

"मावशी, तुम्ही आता काकांच्या मेंदूत आहात. बोला त्यांच्याशी."

"आवं, ऐकताय न्हवं? मी हाय."

टीव्हीवरचा मेंदू लालभडक झाला. "बघा, ओळखलं त्यांनी!" मॅडम म्हणाल्या आणि आपला मोबाईल चाळायला लागल्या.

आई चष्म्याआडून रडायला लागली. आठ महिन्यांचं साठलेलं बोलत सुटली. म्हैस व्यायली, थोरलीला मुलगी झाली, तुमच्याबिगर गोठ्यात जायला मन हुत न्हाई. एकेका वाक्याला दिवे लागत होते.

मी सहज तात्यांकडं बघितलं. तेलकट डोक्यावरून टोपी कधीच घसरून मांडीवर पडली होती. आणि टीव्हीवर त्यांच्या मेंदूची दिवाळी चालूच! डोकं इथं, टोपी तिथं आणि मेंदू कुणाचा कुणास ठाऊक. माझं डोकं सणकलं. मॅडमना चार शब्द सुनवायला उठलोच.

तेवढ्यात तात्यांनी माझ्याकडं बघितलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा, नजरेला नजर देऊन. मग रडणाऱ्या आईकडं बघितलं. डाव्या हातानं टोपी उचलली, सावकाश डोक्यावर ठेवली आणि घसरू नये म्हणून धरून बसले.

मी गुमान खाली बसलो.

येताना सांगलीचं भडंग घेतलं, तेवढाच काय तो खरा माल. तुम्ही म्हणाल, जावं का? अजिबात जाऊ नका. मेंदूची खरी तपासणी दवाखान्यात होते, ती तिथल्या डॉक्टरला विचारून करा. या लबाडांना पंधराशे देण्यापेक्षा तेवढ्याचं खोबरेल घ्या.

आई मात्र आता दिवसभर तात्यांशी बोलते. मी तिला काही सांगितलेलं नाही. परवा डोक्याला तेल लावताना म्हणाली, "आवं, सांगलीला परत एकदा जाऊन येऊया का?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नाही.

आईचा हात थांबला. "बघितलंस? समदं कळतंय त्यास्नी."

"व्हय," मी म्हटलं. "समदं कळतंय."