घडीमामा बसून जेवतात

घडीमामांना कुणी रस्ता विचारला, तर ते आधी विचारणाऱ्याच्या हातातली पिशवी घेत आणि मग बोलत. एकतीस वर्षं त्यांनी छोट्या आलिशान जहाजांवर स्ट्युअर्डचं काम केलं होतं. अशा जहाजावर प्रवासी शंभरसुद्धा नसतात आणि कामाची माणसंही बेताचीच, त्यामुळे सकाळी खोल्या आवरणाराच दुपारी आणि संध्याकाळी जेवण वाढतो. टॉवेलाच्या घड्या घालून ससा, हंस, कासव करण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. निवृत्त होऊन घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या आणि दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या झाडून सगळ्या कापडांच्या घड्या घातल्या. तेव्हापासून इमारतीत त्यांचं हे नाव पडलं. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही.

दर शनिवारी सकाळी अकरा वाजता कोपऱ्यावरच्या प्रवास कंपनीच्या ऑफिसात ते छोट्या जहाजाने जाणाऱ्या गिऱ्हाइकांना चार उपयोगाच्या गोष्टी सांगत. बारा खुर्च्या, एक फळा, कुरकुरणारा एक पंखा. घडीमामा अर्थातच उभे.

"जहाज सुटायच्या आदल्या दिवशी बंदरात पोचा," ते सांगत. "जहाज कुणासाठी थांबत नाही. आणि थांबलंच, तर नव्वद माणसं आठवडाभर तुमचं तोंड लक्षात ठेवतात. खोली मधोमध घ्या, खालच्या मजल्यावर. वर खिडकी मोठी मिळते, पण हेलकावाही मोठा मिळतो. कडक बॅग आणू नका. ती पलंगाखाली सरकत नाही आणि मग रोज तिला ओलांडून न्हाणीत जावं लागतं. पहिल्या संध्याकाळी कुणाशी वाद घालू नका, तोच माणूस सात दिवस नाश्त्याला भेटणार आहे."

किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या होडीत कसं उतरायचं, हे ते ऑफिसच्या मालकिणीला स्टुलावर उभं करून दाखवत. दोन्ही हात मोकळे हवेत, आणि खलाशाचा पंजा नाही, मनगट धरायचं, कारण पंजा निसटतो. मालकिणीचं मनगट दर शनिवारी सव्वाअकराला लाल होई.

शेवटी कुणीतरी बोट लागण्याचं विचारीच. त्यावर घडीमामांचं उत्तर ठरलेलं होतं. "मनाचा खेळ आहे सगळा. एकतीस वर्षांत मला एकदाही लागली नाही." पहिल्या रांगेत बसणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी हे वाक्य वहीत लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली होती.

घरी मात्र वेगळंच चालायचं. मामी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासायच्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण घडीमामा वर्षातले नऊ महिने पाण्यावर, त्यामुळे एका छताखाली राहणं जेमतेम दहा वर्षांचं. आता ते कायमचे घरी आले, तर जेवायच्या वेळी समोरची खुर्ची रिकामीच. ते मामींच्या खांद्यामागे उभे. डावीकडून वाढायचं, उजवीकडून उचलायचं. स्वतः नंतर ओट्यापाशी चार घास पोटात ढकलायचे. त्यात जहाजावरची रीत अशी, की जेवणाऱ्याने चमचा ताटात सरळ ठेवला की त्याचं जेवण झालं. मामींना बोलताना चमचा खाली ठेवायची सवय. दोन वर्षांत त्यांची निम्मी जेवणं अर्धवट राहिली होती, आणि गोष्टीही.

"आमच्या दुकानात एक बाई दरवर्षी यायची," मामी चमचा ठेवून सुरुवात करायच्या. "डोळे ठणठणीत, तरी म्हणायची तपासा..." तोवर ताट मोरीत गेलेलं असे. त्या बाईचं पुढे काय झालं, हे घडीमामांना आजवर ठाऊक नव्हतं.

अशात एका जोडप्याचं जाणं रद्द झालं आणि जहाजावरची एक खोली मोकळी राहिली. मालकीण म्हणाली, "मामा, तुम्ही दोघं जा. प्रवासी म्हणून कसं वाटतं असं कुणी विचारलं, की तुम्ही फळा पुसायला लागता."

मामींनी घरी ऐकून घेतलं. "येते मी," त्या म्हणाल्या. "पण माझी एक अट आहे. एक जेवण माझ्यासमोर बसून जेवायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये उठायचं नाही."

"एवढंच?"

"चौतीस वर्षांत एवढंच जमलेलं नाही."

घडीमामांनी शब्द दिला. सात दिवसांत एकवीस जेवणं होती. त्यातलं एक म्हणजे त्यांना हातचा मळ वाटला.

आदल्या दिवशी बंदरात पोचणं, मऊ बॅग, मधोमधची खोली, सगळं शनिवारच्या धड्याप्रमाणे झालं. फक्त चढताना घडीमामा सवयीने नोकरमाणसांच्या जिन्याकडे वळले आणि पहारेकऱ्याने त्यांना हाताला धरून पाहुण्यांच्या दारात आणून सोडलं. सकाळी खोली आवरायला एक पन्नाशीच्या जाडजूड बाई आल्या, तर पलंग आधीच आवरलेला, वर टॉवेलाचा हंस. दुसऱ्या दिवशी बाईंनी टॉवेलाचा मोर करून ठेवला. घडीमामांना रात्रभर नीट झोप लागली नाही.

जेवणाची गत काही बरी नव्हती. पहिल्या संध्याकाळी शेजारच्या टेबलावरची सुरई कलली आणि घडीमामा ती पडायच्या आत तिथे पोचले. "एक," मामी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी एका प्रवासी बाईंनी त्यांना जास्तीची उशी मागितली आणि त्यांनी ती नेऊन दिली. सूप गार झालं. मामींनी दुकानातल्या बाईची गोष्ट काढली होती, ती परत मिटवून ठेवली. पण तोवर तरी त्या हसत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज उघड्या समुद्रात शिरलं. घडीमामा मोठ्या निश्चयाने नाश्त्याला बसले. दोन घास घेतले, आणि तोंडाला पाणी सुटलं. चांगलं नव्हे, दुसरं. कपाळावर घाम आला, टेबल जवळ येऊन परत जाऊ लागलं. काय होतंय ते त्यांना कळेना. ते उठून उभे राहिले, चार पावलं चालले, आणि सगळं थांबलं. परत बसले, परत सुरू झालं.

एकतीस वर्षं जहाजावर ते कधी बसलेच नव्हते. निजायचे किंवा उभे असायचे.

नेमके तेव्हाच, बायकोला घेऊन याच जहाजावर आलेले दातांचे डॉक्टर टेबलापाशी आले. त्यांच्या बायकोने पहाटेपासून खोलीतली बादली सोडली नव्हती. "मामा," त्यांनी वही उघडून विचारलं, "तुम्हाला खरंच कधीच लागली नाही?"

आजूबाजूची पाच-सहा तोंडं वळली. त्यातली तीन शनिवारची होती.

"कधीच नाही," घडीमामा म्हणाले, आणि कुणाचा तरी पडलेला रुमाल उचलायला उठले.

तिथून पुढे ते मुद्दामच उठू लागले. जरा पोटात ढवळलं, की कुणाला तरी मिठाची बशी हवी असायची, कुठलीतरी खिडकी लावायची असायची. मामींना सांगायचे, "काय करू, सवय जात नाही." खरं सांगायची लाज वाटत होती. ज्या एका गोष्टीवर त्यांची शनिवारची इभ्रत उभी होती, तीच खोटी निघाली होती.

मामींनी मोजणं चौथ्या दिवशी सोडून दिलं. हसणंही. सहाव्या दिवशी संध्याकाळी कठड्याशी उभ्या असताना त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटायचं, जहाजाने तुम्हाला माझ्यापासून लांब ठेवलं. उगीच जहाजाला बोल लावला."

ही बाई एकतीस वर्षं एकदाही तक्रार न करता दर वर्षी त्यांना निरोप द्यायला बंदरावर आली होती, आणि आता तिच्या मनात हे बसलं होतं. घडीमामांना स्वतःचा संताप आला.

"उद्या दुपारचं जेवण," ते म्हणाले. "बसतो."

"बघू," मामी म्हणाल्या.

सातव्या दिवशी दुपारी समुद्र नेमका सगळ्यात जास्त खवळला. जेवणघरात नव्वदांपैकी अठरा माणसं आली. ताटं घसरू नयेत म्हणून टेबलांवर ओली कापडं अंथरली होती. दातांचे डॉक्टर मनाचा खेळ म्हणत सूप येईपर्यंत टिकले आणि मग तोंडावर वही धरून निघून गेले. मामी मात्र मजेत होत्या. जहाज त्यांना मुळीच लागत नव्हतं, उलट भूक वाढली होती.

घडीमामा बसले. दोन्ही हातांनी त्यांनी टेबलाची कड धरली. सूप आलं. मामींनी प्यायलं, त्यांनी चमचा ओला केला. मासा आला. त्याच्याकडे न बघता ते मामींकडे बघत राहिले. पलीकडच्या टेबलावर एक पेला खरोखरच घरंगळला, खाली पडून फुटला, आणि घडीमामा हलले नाहीत. जाडजूड बाईंनी काचा गोळा करता करता त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, आत गेल्या, आणि कोरड्या टोस्टची बशी कुणाला न विचारता त्यांच्यापुढे ठेवून गेल्या. मोराबद्दलचा राग घडीमामांच्या मनातून त्या क्षणी गेला.

मामींनी बशीकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे. समोरचा माणूस दिसतंय म्हणतो तेव्हा त्याला खरंच दिसतंय का, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती.

"तुम्हाला बोट लागलीये."

"नाही."

"अहो, माझ्याकडे बघून सांगा."

घडीमामांनी त्यांच्याकडे बघून सांगितलं नाही.

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. उभं राहिलं की थांबते."

"म्हणून उठत होता? मिठाच्या बश्या, खिडक्या..."

"पहिले दोन दिवस सवय होती," घडीमामा प्रामाणिकपणे म्हणाले. "नंतर बोट लागत होती."

मामींचा चेहरा आधी कोरा झाला. मग त्या इतक्या हसल्या, की उरलेल्या पंधरा माणसांनी माना वळवल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी मोठ्या रुमालाने टिपलं. "मला वाटलं, तुम्हाला मीच नको झाले," त्या म्हणाल्या. "उठा आता."

"पुडिंग राहिलंय. शेवटपर्यंत म्हणाली होतीस."

"उठा हो, अंगावर येईल माझ्या."

मामी स्वतःच आधी उठल्या. दोन्ही वाट्या घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या, मागोमाग घडीमामा. दोघांनी एकेका हाताने पितळी दांडा धरला आणि पुडिंग उभ्यानेच खाल्लं. जाडजूड बाई लगबगीने खुर्ची घेऊन आल्या, तेव्हा मामी म्हणाल्या, "नको, आमचं जेवण चाललंय."

पुढच्या शनिवारी बाराही खुर्च्या भरल्या होत्या. दातांचे डॉक्टर पहिल्या रांगेत, वही मांडीवर, कपाळाला आठ्या. सगळ्यात मागे, पहिल्यांदाच, मामी. घडीमामांनी आदल्या दिवशी पोचण्याचं सांगितलं, मधोमधच्या खोलीचं सांगितलं, मालकिणीचं मनगट लाल केलं. मग कुणीतरी बोट लागण्याचं विचारलं.

"लागते," घडीमामा म्हणाले. "मलाही लागते. बसलो की लागते."

डॉक्टरांनी मागचं पान काढून दोन रेघांचं वाक्य खोडलं आणि विचारलं, "मग करायचं काय?"

"कोरडा टोस्ट खायचा, लांब क्षितिजाकडे बघायचं." घडीमामांनी मागे बसलेल्या मामींकडे पाहिलं. "आणि बरोबरच्या माणसाला लगेच सांगायचं. तीन-चार दिवस लावायचे नाहीत. ते लोक भलतंच काहीतरी समजून बसतात." डॉक्टरांनी हे लिहून घेतलं, पण रेघ मारली नाही.

त्या दुपारी घरी घडीमामांनी दोन्ही ताटं मांडली आणि समोरच्या खुर्चीत बसले. जमीन जागच्या जागी होती. मामींनी दोन घास घेतले आणि बोलता बोलता चमचा ताटात सरळ ठेवला. घडीमामांना तो दिसला. त्यांचे हात टेबलावर आले, मग त्यांनी ते परत खाली घेतले आणि मांडीखाली दाबून धरले.

"तर ती बाई," मामी म्हणाल्या, "दरवर्षी यायची. डोळे ठणठणीत. अकरा वर्षं मी तिला सांगत होते, तुम्हाला चष्म्याची गरज नाही. शेवटी एकदा विचारलंच, मग येता कशाला?"

"मग?"

"म्हणाली, तुम्ही काच बदलता आणि विचारता, आता कसं दिसतंय? आता? आणि मी सांगेपर्यंत थांबता. घरी मला असं कुणी विचारत नाही."

"पुढे?" घडीमामांनी विचारलं.

"पुढे काय. मी तपासत गेले," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी चमचा उचलून उरलेलं जेवण संपवलं.