तांबूस बाळकृष्ण

माझा देवावर विश्वास नाही. आईच्या दहाव्यालाही मी माझं मत बदललं नाही, आणि त्याबद्दल मामानं मला अजून माफ केलेलं नाही. न करो.

सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात मी केमिस्ट आहे. खनिजात लोखंड किती, कोळशात राख किती, हे दिवसभर तपासायचं. आई बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत रोज तासभर पूजा करायची. संध्याकाळी मी हातपाय धुऊन चहाला बसले की आमचा वाद सुरू. "तुह्या लॅबमध्ये मन मोजाचं मशीन हाय का?" ती विचारायची. मी म्हणायचे, मन म्हणजे मेंदूचं काम. मेंदू थांबला की मन संपलं. दिवा विझल्यावर उजेड कुठे गेला, असं कोणी विचारतं का? "मी विचारून राहिली ना," आई म्हणायची आणि माझ्या बशीत आणखी मूठभर चिवडा टाकायची.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी ती तापानं आडवी झाली. म्हणाली, "हात जोडू नको, पण देव तेवढे घासून ठेव." चिंच कोळत कोण बसणार? लॅबमधून आणलेलं थोडं ॲसिड मी पाण्यात पातळ केलं, पितळेचा बाळकृष्ण त्यात बुडवला आणि फोनवर गप्पा मारत बसले. आठवण झाल्यावर बाहेर काढला, तर गडी तांबूस झालेला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आणि वरचं जस्त ॲसिडनं खाऊन टाकलं होतं. शाळेतल्या पोरालाही कळेल अशी गोष्ट, आणि केमिस्ट बाईंची ही अक्कल! आईनं विचारलं तेव्हा मी बेधडक ठोकून दिलं, चिंचेनंच घासला म्हणून.

तिनं अंथरुणातच बाळकृष्ण हातात घेतला, फिरवून पाहिला, नाकाशी नेला. मी भांडणाच्या तयारीत होते. जस्त गेलं की रंग गेला, म्हणजे तुझा देव धातूच की, असं म्हणायचं मनात ठरवूनही टाकलं होतं. पण तिनं मला संधीच दिली नाही. "रंग गेला तं गेला, देव कुठं जाते? पण तू खोटं काहून बोलली? देव नको मानू. मले फसवू नको." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बाळकृष्ण तसाच तांबूस पुन्हा देवघरात बसला. त्यानंतर मी तिच्याशी कधीच खोटं बोलले नाही.

गेल्या वर्षी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. आधी शब्द गेले. रोजचं स्तोत्र सुरू करायची, दुसऱ्या ओळीवर अडायची आणि माझ्याकडे बघायची. इतक्या वर्षांचा वाद मी जिंकत होते आणि मला ते जिंकणं नको होतं. थोड्याच दिवसांत ती गेली.

"माझं दहावं तूच करजो, पटो न पटो," असं ती फार पूर्वी म्हणाली होती आणि मी हो म्हटलं होतं. म्हणून महादेव घाटावर, खारुन नदीच्या काठी, पिंड मांडून मी बसले. सोबत इथले हिंदी बोलणारे गुरुजी आणि नागपूरहून आलेला मामा. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा राहिली नाही, असं आमच्यात मानतात. शेजारच्या लोकांच्या पिंडावर दोन कावळे लगेच उतरले. आमच्याकडे एकही फिरकेना. मामानं वचनं द्यायला सुरुवात केली. वर्षश्राद्ध नीट करू, तुझी तुळस जगवू. पिंपळावरचे कावळे ढिम्म.

मग तो माझ्याकडे वळला. "तिचा जीव तुह्यात अडकला हाय. म्हण, आई, मी देवाले मानीन, रोज पूजा करीन."

"बोल दो बेटा, क्या जाता है," गुरुजी म्हणाले.

ऊन चढलं होतं. लपवत नाही, कावळा यावा असं त्या क्षणी मलाही फार वाटलं. दोन शब्दांचं काम होतं. मी उठले आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, तुझे देव मी घासत जाईन, चिंचेनं. हात जोडणार नाही."

कावळा आला नाही. आणखी अर्धा तास थांबून गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून विधी उरकला.

"अतृप्त गेली माझी बहीण," मामा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, माझेही. "ऐकून राहिली होती ती. तू एवढं बोलली असती तं तुह्यं काय बिघडलं असतं?"

"ती ऐकून नाही राहिली, मामा. ऐकत असती तं मी खोटं बोलताच तिनं तिथंच पकडलं असतं. आता पकडणारी नाही, तं मी तिले फसवू?"