शिक्का मी न तपासता मारला

नव्वदच्या दशकात आमची बटालियन ईशान्येकडच्या एका डोंगरी तळावर होती. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. गाव डिंगोरे, तालुका जुन्नर. एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना, माझ्याकडे. सकाळी सहाला सिक रिपोर्ट, म्हणजे आजाऱ्यांची तपासणी, नऊला इंजेक्शनं, शनिवारी डॉक्टरसाहेबांचं गुप्तरोगांवर लेक्चर. मागच्या रांगेत खी खी चालायची. कंडोमचं खोकं दाराशीच ठेवलेलं, पण ते घेताना कुणी बघेल याचीच सगळ्यांना लाज.

सुट्टीवर जाणाऱ्याची एफएफआय व्हायची. कपडे काढून तपासणी, संसर्ग नाही असा शिक्का, मगच गाडीत बसायचं.

नाईक बाळू तळेघरचा, आमच्या मुलखाचा युनिटमधला एकुलता एक माणूस. सुट्टीच्या सकाळी धावत आला.

"भाऊ, मार शिक्का. ट्रक सुटतोय. मला काय व्हतंय?"

गाववाल्याची पँट काय उतरवायची, असं वाटलं. मी शिक्का मारला.

त्याला तेव्हा गुप्तांगावर फोड होता. दुखत नव्हता म्हणून बोलला नाही. सुट्टीत तो आपोआप भरून आला आणि बाळू निर्धास्त झाला. परतल्यावर दोन महिन्यांनी त्याच्या तळहातांवर, तळपायांवर लालसर डाग उठले. रक्त तपासलं. सिफिलिस.

"फोड जातो, रोग रक्तात राहतो," डॉक्टरसाहेब म्हणाले. "बायको?"

"पाचवा महिना चालू आहे, साहेब."

"तिलाही इंजेक्शन. ताबडतोब. पोटातल्या बाळाला धोका आहे."

ताबडतोब म्हणजे कसं? घरी फोन नव्हता. त्याच्या बायकोला, कमलवहिनींना, वाचता येत नव्हतं. आलेलं पत्र बाळूचे वडील ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत आणि निम्मी आळी ऐकायला जमे. बाळूने तीन कागद फाडले.

"तूच जा भाऊ. तिला एकटीला सांग."

साहेबांनी सुट्टी दिली. मी पाचव्या दिवशी तळेघरला पोचलो. वहिनी नाचणीच्या शेतात होत्या. मी आडवळण घेतलं नाही. रोग बाळूकडून आला असणार, बाळाला धोका आहे, तपासून घ्यावं लागेल, असं सरळ सांगितलं.

त्यांनी हातातला विळा बांधावर ठेवला. मग विचारलं, "त्यान्ला इंजिक्शन दिलं का?"

"दिलं."

"मंग मलाबी न्या. आन मामंजीस्नी काय सांगू नका."

सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. रोग होता. पेनिसिलिन लगेच दिलं. सतरा दिवसांनी मूल मृतच जन्मलं. मुलगा. तोवर मी तळावर परतलो होतो; दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पत्रात लिहिलं, इंजेक्शन दोन महिने आधी मिळतं तर बहुधा वाचला असता. ते पत्र वाचून मी एमआय रूमचं दार लावलं आणि रडलो.

शिक्क्याचं मी स्वतः साहेबांना सांगितलं. रिप्रिमांड, म्हणजे नोंदीवरची ताकीद, मिळाली. कमी होती. पुढे सुभेदारसाहेबांनाही मी कपडे काढून तपासल्याशिवाय सोडलं नाही.

एका शनिवारी बाळू लेक्चरला स्वतः उभा राहिला. "न दुखणारा फोड लपवला. पोर गेलं. कंडोम वापरा, आणि चुकलात तर बायकोलाही तपासायला घेऊन या." एवढंच बोलून बसला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. त्या दोघांना नंतर मुलगी झाली, ठणठणीत.

काही वर्षांनी गस्तीवर असताना बाळूला गोळी लागली. तो तिथेच गेला. गावात त्याच्या नावाची शिळा आहे. मी रिटायर झाल्यावर पहिल्या पंधरा ऑगस्टला तिथे गेलो. सरपंचांनी बाळूचं नाव घेतलं, आम्ही सॅल्यूट केला. गर्दी पांगल्यावर वहिनी जवळ आल्या. हे सगळं लिहायची परवानगी त्यांनीच मला त्या दिवशी दिली.

"त्यांचं नाव समदी घेत्यात, भाऊजी. पोराचं तुमी तरी घ्या."

"त्याचं नाव ठेवलं होतं?"

"मनात ठिवलं व्हतं. अशोक."

मी पुन्हा सावधान उभा राहिलो आणि नाव घेतलं.