टाकीवरचं खडूचं वर्तुळ

नंदकिशोर पेडणेकर गेल्याची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली. तिच्याखाली हात जोडलेली चित्रं पडली, आणि संध्याकाळी पद्मजाताईंनी जिन्यातच कारखानिसांना गाठलं. "काका, दोन ओळी लिहा ना त्यांच्यावर. तुमचीच काय ती ओळख होती."

देवदत्त कारखानीस बरं म्हणाले आणि कागद घेऊन बसले. बसल्यावर लक्षात आलं, की या माणसाबद्दल लिहिण्याजोगं आपल्याला जवळपास काहीच माहीत नाही. पेडणेकर वेंगुर्ल्याकडचे, वडील गिरणीत होते, सोसायटीत अकरा नंबरच्या खोलीत भाड्याने राहायचे, चहा बिनदुधाचा प्यायचे. नोकरी कुठल्या कंपनीत केली? "स्टोअरला होतो," एवढंच ते सांगत. बायको वारली होती की वेगळी राहत होती, हे विचारायचं राहूनच गेलं. ज्या कॅमेऱ्यापायी एवढं रामायण झालं तो मुळात कुणाचा, हेसुद्धा कधी कळलं नाही. जे काही माहीत होतं ते संशयाच्या पोटी मिळवलेलं. माणूस ओळखायची ही काही रीत नव्हे, असं कारखानिसांना वाटलं. पण दुसऱ्या रीतीने आपण कुणाला ओळखलंय, तेही त्यांना आठवेना.

गिरिछाया सोसायटी मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. चार मजले, लिफ्ट नाही. गच्चीवर गेलं की एका बाजूला नॅशनल पार्कचा हिरवा डोंगर, दुसऱ्या बाजूला पार खाडीपर्यंत इमारती. कारखानीस सोसायटीचे सेक्रेटरी होते, म्हणजे बाकी कुणी व्हायला तयार नव्हतं म्हणून होते. गच्चीची चावी त्यांच्या दाराशेजारच्या खिळ्याला असायची. पेडणेकर राहायला आले तेव्हा गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून चावी मागायला आले. "पक्षी काढायचे शिकतोय," म्हणाले. नाही म्हणणं कारखानिसांना आयुष्यात जमलेलं नव्हतं. त्यांनी पेडणेकरांना एक जादा चावीच करून दिली.

मग एक दिवस प्लंबर वर गेला आणि पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर त्याला खडूचं वर्तुळ दिसलं. नेमकं तिथल्या तड्याशेजारी.

"काका, बसा," पद्मजाताई म्हणाल्या. त्या पहिल्या मजल्यावरच्या, कमिटीच्या अध्यक्ष, ऑफिसात युनियनचं काम करून आवाज कमावलेल्या. "खडूने खुणा कोण करतं? स्ट्रक्चरल ऑडिटवाले करतात. शेजारच्या बिल्डिंगचं काय झालं, विसरलात?"

कारखानीस विसरले नव्हते. शेजारच्या बिल्डिंगमध्ये आधी एक माणूस फोटो काढत फिरला होता. मग रिपोर्ट आला, इमारत धोकादायक. माणसं कुणी बदलापूरला गेली, कुणी बोरीवलीला बहिणीच्या आसऱ्याला, आणि त्यांच्या जागी अर्धवट उभ्या टॉवरच्या गंजलेल्या सळ्या आकाशाकडे बघत होत्या. परत कुणी आलं नव्हतं.

"आणि ते राहतात कुणाच्या खोलीत? हर्षदभाईंच्या," पद्मजाताई म्हणाल्या. हर्षदभाई घाटकोपरला राहायचे आणि दर मीटिंगला रिडेव्हलपमेंटचं तुणतुणं घेऊन यायचे. "दोन आणि दोन चार होतात ना काका? चावी काढून घ्या."

"आधी जरा बघतो," कारखानीस म्हणाले. चावी परत मागायची म्हणजे एखाद्याच्या तोंडावर बोलायचं, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटला होता.

"काय बघणार तुम्ही?"

"शिकायला जातो त्यांच्याकडे. म्हणजे कळेल."

घरी वसुधाबाईंनी हे ऐकून पोळपाटावरचं लाटणं थांबवलं. "तुम्हाला दूधवाल्याशी दोन वाक्यं धड बोलवत नाहीत, आणि हेरगिरी करायला निघालात?" पण मग त्यांनी छताकडे पाहिलं. त्यांचं घर टाकीच्या बरोबर खाली, सगळ्यात वरच्या मजल्यावर. लग्न होऊन त्या याच घरात आल्या होत्या, आणि दुसरं घर मिळायचं त्या दोघांचं वय राहिलं नव्हतं. "जा," त्या म्हणाल्या. "पण जपून हां."

पेडणेकरांना संशय आलेला दिसला नाही. उलट ते खूशच झाले, आणि कारखानिसांच्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली. इतकं खूश व्हायला काय झालं?

"अहो, मीपण शिकाऊच," पेडणेकर म्हणाले. "मोबाइलवर व्हिडिओ बघतो आणि चुका करतो. तुमची पंपाची ड्युटी असते ना सकाळची? मग तुम्हाला लगेच समजेल. कॅमेऱ्यात उजेड घ्यायचा म्हणजे टाकीत पाणी घ्यायचं. व्हॉल्व्ह किती फिरवला, ते ॲपर्चर. पाणी किती वेळ येऊ दिलं, ते शटर. पक्षी उडत असला तर शटरला वेळ कमी द्यायचा, नाहीतर पंख फिसकटतात. मग व्हॉल्व्ह जास्त उघडायचा."

"आणि पाणीच कमी असलं तर?"

"मग पंप लावायचा. त्याला आयएसओ म्हणतात. पाणी ओढून देतो, पण खालचा गाळपण ओढतो. फोटोत वाळू पेरल्यासारखी दिसते ना, तो गाळ."

कारखानिसांना एका झटक्यात सगळं समजलं आणि त्याच झटक्यात संशयही बळावला. आपल्या टाकीच्या तळाला गाळ आहे, पंप तो ओढतो, हे या गृहस्थाला कुणी सांगितलं?

त्यानंतर ते रोज ऊन कलल्यावर वर जाऊ लागले. पक्षी खरंच यायचे, नाही असं नाही. टॉवरवर घारींचं घरटं होतं. खाडीकडून डोंगराकडे परतणारे बगळे नेमके गच्चीवरून जायचे, आणि त्यातला एखादा कठड्यापलीकडच्या नारळावर दम खायला बसायचा. पण कारखानिसांचं लक्ष पक्ष्यांपेक्षा पेडणेकरांकडे. त्यांनी पाहिलं, की पेडणेकर आले की आधी आकाशाकडे बघतच नाहीत. आधी टाकीपाशी जातात, वर्तुळासमोर उभे राहतात आणि भिंतीचा फोटो काढतात. ढग आला, परत भिंतीचा फोटो. ढग गेला, परत भिंत.

एकदा कॅमेरा हातात मिळाला तेव्हा कारखानिसांनी मागचं बटण दाबून पाहिलं. तडा. पुन्हा तडा. काळाकुट्ट, पांढराफटक, करडा, पण तडा तोच. मध्ये एखादी घार, की परत तडा.

"ते काय बघताय," पेडणेकरांनी कॅमेरा हळूच काढून घेतला. "ते आपलं असंच. बॅटरी उतरते."

आणि मग तो फोन. कारखानीस जिना चढून गच्चीच्या दाराशी पोचले होते. पलीकडे पेडणेकर पाठमोरे उभे राहून बोलत होते. "हो हर्षदभाई. वरचं सगळं बघतोच आहे. नाही, नाही, अजून इथे कुणाला बोललो नाही."

कारखानीस आल्या पावली खाली उतरले. त्या दिवशी त्यांनी पाणी सोडायला उशीर केला, आणि ग्रुपवर लोकांनी बोलून घेतलं.

"झालं तर मग," पद्मजाताई म्हणाल्या. "रविवारी कमिटीसमोर बोलवू. कॅमेऱ्यातलं फोटोंचं कार्ड दाखवायला लावू. चावी त्याआधी तुमच्या हातात पाहिजे, काका. सेक्रेटरी तुम्ही आहात, मी नाही."

रविवार उजाडला. कमिटी संध्याकाळी सातला बसणार होती. कारखानीस ऊन असतानाच वर गेले, मनातल्या मनात वाक्य घोळवत. पेडणेकर, चावी जरा द्याल का. नुसतं चावी द्या. की, चावी पाहिजे होती. यातलं एकही तोंडाबाहेर पडायच्या आत पेडणेकरांनी कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्या गळ्यात अडकवला. "आज तुम्ही काढायचा. बगळा बसलाय बघा नारळावर."

कारखानिसांनी काढला. बगळा मळकट आला, धुवायला टाकलेल्या बनियनसारखा.

"आता तो कावळा."

कठड्यावर कावळा जवळच बसला होता. तो फोटोत राखाडी आला, भस्म फासल्यासारखा.

"माझी चूक झाली का?" कारखानिसांनी विचारलं. कुठलीही गोष्ट बिघडली की ते आधी हेच विचारायचे.

"तुमची कसली? बगळो पांढरो आसा, ह्याच ह्याका पटणा नाय," पेडणेकर म्हणाले. रंगात आले की ते मालवणीत घसरायचे. "ह्या यंत्राला ना, सगळं जग करडं वाटतं. पांढरं दिसलं की म्हणतं, एवढा उजेड? काहीतरी गडबड आहे. मग दाबून टाकतं. काळं दिसलं की उगाच उजळवतं. म्हणून पक्ष्याबद्दल ह्याला विचारायचंच नाही."

"मग कशाबद्दल विचारायचं?"

पेडणेकरांनी टाकीवरच्या वर्तुळात बोट ठेवलं. "ह्याच्याबद्दल. हे सिमेंट पांढरं नाही, काळं नाही, मधलं आहे. आणि पक्ष्यावर पडतंय तेच ऊन ह्याच्यावर पडतंय. आधी इथे आकडे जमवायचे, एक फोटो काढून खात्री करायची, आणि मग पक्ष्याकडे वळायचं. आकड्यांना हात लावायचा नाही. यंत्र ओरडेल, उजेड जास्त आहे म्हणून. ओरडू दे."

कारखानीस टाकीजवळ गेले. कॅमेऱ्यातल्या पट्टीवरचा काटा मध्यावर येईपर्यंत त्यांनी चाक फिरवलं आणि भिंतीचा फोटो काढला. वर्तुळ आलं, तडा आला, शेजारचं शेवाळ आलं. हात स्थिर होता की नाही, म्हणून आणखी एक काढला.

"काका?"

दारात पद्मजाताई उभ्या होत्या. मागे लागल्याशिवाय कारखानिसांच्या हातून काही होत नाही, हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या स्वतः चार मजले चढून आल्या होत्या. आणि समोर गिरिछाया सोसायटीचे सेक्रेटरी तड्याला कॅमेरा लावून उभे होते.

"तुम्हीसुद्धा?" त्या म्हणाल्या.

 कारखानीस बोलायला गेले असते तर सगळं उलटंच बोलून बसले असते. त्यांनी एक बोट वर करून थांबा अशी खूण केली, वळले आणि नारळावरच्या बगळ्याचा फोटो काढला. मग कॅमेरा पद्मजाताईंपुढे धरला. मळकट बगळा. राखाडी कावळा. भिंत. भिंत. आणि शेवटी बगळा: पांढरा, मानेवरचं पीस न् पीस वेगळं दिसणारा.

पद्मजाताईंनी पुढेमागे करून सगळे पाहिले. मग पेडणेकरांकडे वळल्या. "वर्तुळ नेमकं तड्यापाशीच कशाला? एवढी मोठी टाकी आहे."

"बाकी टाकी तुम्ही पांढरी रंगवून घेतलीत," पेडणेकर म्हणाले. "तड्यापाशी रंगाचे पोपडे पडलेत. उघडं सिमेंट तेवढंच आहे. दुसरीकडे असेल तर दाखवा, मी वर्तुळ तिकडे काढतो."

पद्मजाताईंनी टाकीभोवती खरोखरच एक फेरी मारली. परत येऊन म्हणाल्या, "भिंतीचे सगळे फोटो पुसा. आत्ता. माझ्यासमोर."

पेडणेकरांनी पुसले. एकेक करून. शेवटी कार्डावर नुसते पक्षी उरले, आणि ते फार थोडे होते.

"आणि चावी काकांकडे द्या. लागली की मागून घ्यायची."

"चावी त्यांच्याकडेच राहील," कारखानीस म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की पद्मजाताईंनी "काय?" केलं. कारखानिसांना ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. पहिल्यापेक्षा ते अवघड गेलं.

"नको, नको," पेडणेकर म्हणाले. "मी ह्या महिनाअखेर जातोय. हर्षदभाईंना खोली विकायचीय. दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं त्यांनी, पण गिऱ्हाईक पक्कं होईपर्यंत कुणाला बोलू नका म्हणाले. म्हणून तुम्हालाही बोललो नाही, कारखानीस."

"फोनवर ते वरचं सगळं बघतोय म्हणालात," कारखानिसांच्या तोंडून गेलं.

पेडणेकरांनी त्यांच्याकडे पाहिलं.  "खोलीतल्या माळ्यावरचं सामान," ते म्हणाले. "त्यांचं जुनं फर्निचर आहे माळ्यावर. ते बघून ठेवायला सांगितलं होतं." मग हसले. "म्हणजे शिकायला येत नव्हता तर."

"आधी नव्हतो," कारखानीस म्हणाले.

पद्मजाताई जिना उतरताना कारखानिसांच्या कानाशी लागल्या. "कार्डं दोन असतात, काका." घरी वसुधाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि माळ्याचं खरं कशावरून?"  त्या रात्री कारखानिसांना वाटलं, ओला फडका घेऊन वर जावं आणि ते वर्तुळ पुसून टाकावं. गेले नाहीत. पुढे कितीतरी दिवस खाकी पाकीट आलं की ते आधी पाठवणाऱ्याचं नाव बघायचे. ऑडिटचं पाकीट काही आलं नाही. अजून आलेलं नाही. हर्षदभाईंची खोली मात्र खरंच विकली गेली, आणि नव्या मालकाने माळ्यावरून दोन मोडक्या खुर्च्या काढून जिन्यात ठेवल्या. त्या पाहून कारखानिसांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं.

त्या महिनाअखेर पेडणेकर खोली सोडून गेले ते लेकीकडे, घाटकोपरला. टेम्पोत सामान फार नव्हतं. कॅमेरा मांडीवर घेऊन ते ड्रायव्हरशेजारी बसले होते.

"तिकडे पक्षी दिसतील का?" कारखानिसांनी विचारलं.

"दुसरा मजला. खिडकीसमोर भिंत." पेडणेकर हसले. "करडी आहे, तेवढं बरं. गच्चीची चावी खिळ्याला लावलीय."

"पाहिली."

ड्रायव्हरने टेम्पो चालू केला. पेडणेकरांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"कारखानीस, टाकीच्या झाकणावर वीट ठेवा हां. वाऱ्याने सरकतं."

"ठेवतो," कारखानीस म्हणाले.