डायवरबाबा आणि मायाबंदरचा रस्ता

डायवरबाबांना गाडी चालवताना मी एकदाही पाहिलं नाही. ते माझे आजोबा, वडिलांचे वडील. आखाडा बाळापुरात लहानथोर सगळे त्यांना डायवरबाबा म्हणत, कारण त्यांनी तेवीस वर्षं एसटी चालवली आणि गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नाही. हे सगळं मी लोकांकडून ऐकलेलं. मी पाच वर्षांची असताना माझे वडील अंदमानात रस्त्याच्या कामावर ट्रक चालवताना गेले आणि त्याच महिन्यात बाबांनी नोकरी सोडली. पुढे गावात कुणाकडे नवा ट्रॅक्टर आला की पहिली चार पावलं त्यांनी चालवावा म्हणून लोक बोलवायला यायचे. बाबा जायचे, नारळ फोडायचे आणि तसेच घरी परत यायचे. "हात गेला माझा," एवढंच म्हणायचे. पोराच्या दुःखानं असं झालं, अशी सगळ्यांची समजूत होती.

मला त्यांनीच वाढवलं. सायकल शिकवताना सीटला धरून ते मैलभर मागून पळायचे. "सोडा ना बाबा!" मी ओरडायची. "सोडतो की, घाई काहून करून राहिलीस?" म्हणायचे, पण सोडायचे नाहीत. शेवटी मी मैत्रिणीच्या दारात चोरून शिकले. आजी हसून सांगायची, "तुझ्या बापाला ह्यांनी कधी शाबास म्हणलं न्हाई. पोरगं समोर आलं की कपाळाला आठी. अन् आता नातीमागं पळून राहिले."

कॉलेजसाठी मी नांदेडला जाऊ लागले तेव्हा दर सोमवारी ते स्टँडवर यायचे. मला खिडकीशी बसवून थेट ड्रायव्हरपाशी जायचे. "ब्रेक बराबर हायेत ना?" नव्या पोरांना हसू यायचं, मला शरमेनं मान वर करवत नसे. पण ड्रायव्हर 'हो' म्हणेपर्यंत बाबा खाली उतरत नसत.

गेल्या वर्षी त्यांचं दुखणं वाढलं. दोन्ही फुप्फुसं निकामी होत चाललेली. वसमतला माझ्या घरी आणलं तेव्हा मी विचारलं, "बाबा, काही खावंसं, बघावंसं वाटतं का?" ते म्हणाले, "तुझा बाप जिथं गाडी चालवायचा तो रस्ता बघायचा हाय. सगळ्यांनी चला."

वडिलांना आमच्यापैकी कुणी शेवटचं पाहिलं नव्हतं. निरोप आला तो चौथ्या दिवशी, सगळं उरकल्यावर. महिन्यानं त्यांची बॅग तेवढी आली होती. आजी म्हणाली, "इतकी वर्षं झाली, आता काहून जखम उकरता?" आईनं दुसऱ्या दिवशी प्रवासासाठी दशम्या केल्या.

अशा आम्ही चार पिढ्या निघालो. बाबा, आजी, आई, मी, माझा नवरा आणि सहा वर्षांची मुक्ता. नांदेडहून रेल्वे, मग चेन्नईहून विमान. अंदमानात सहा दिवसांसाठी गाडी केली होती. बिमल नावाचा तिथलाच अबोल ड्रायव्हर होता. बेट बघायला आम्ही सगळे काचांना नाकं लावून बसलो. आभाळ झाकणारी झाडं, त्यांच्या बुंध्यांना मिठी मारून चढलेले वेल, खाडीच्या चिखलात मुळं रोवून उभी असलेली खारफुटी. खाडीपाशी गाडी तराफ्यावर चढवून पलीकडे नेली. पाण्यात मगरी असल्याची पाटी बघून मुक्तानं माझ्या आईचा पदर धरला. आजी मात्र खुशीत होती. "एवढी हिरवळ! आपल्याकडं एवढी असती तर माझं लेकरू इकडं कशाला आलं असतं?" म्हणाली, आणि तिथंच तिचा चेहरा उतरला.

बाबा मागच्या सीटवर, धाप लागलेले, पण डोळे रस्त्यावर. उतार आला की म्हणायचे, "बिमलभाऊ, आहिस्ता."

रंगत नावाचं गाव सोडून मायाबंदरकडे जाताना एका वस्तीत जुनं गॅरेज होतं. माझ्या नवऱ्यानं आधीच चौकशी करून ठेवली होती. तिथले म्हातारे मिस्त्री वडिलांच्या वेळेपासूनचे. वडिलांचं नाव सांगताच त्यांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. समोरचाच उतार दाखवला. डावीकडे डोंगर, उजवीकडे झाडीत उतरलेली खोल दरी आणि तिच्या तळाशी निळा, शांत समुद्र. ट्रक तिथूनच खाली गेला होता.

"बहुत अच्छा लड़का था," मिस्त्री म्हणाले. "ब्रेक नहीं लगते बोलके उसने गाड़ी खड़ी कर दी थी. बोला, मैं तो गाँव जाता हूँ. फिर इतवार को फोन करके आया और बोला, चला लूँगा. मंगल को ये हो गया."

आईनं मिस्त्रींकडे पाहिलं. मग आमच्याकडे. "फोनवर ब्रेकचं बोलले व्हते?"

"मला बोलला," बाबा म्हणाले.

ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले. शब्दाशब्दाला थांबत बोलले. "ब्रेक लागंनात म्हणला. येऊ का घरी, म्हणला. म्या म्हणलं, गिअरवर उतरव की. डायवरचं पोरगं हायेस का कुणाचं? काम टाकून आलास तर दारात उभा करणार न्हाई." धाप लागून ते थांबले. "बरं बाबा, म्हणला. एवढंच म्हणला."

समुद्रावरून वारा येत होता. मुक्ता रस्त्याकडेची फुलं दाखवायला धावत आली, तिला माझ्या नवऱ्यानं बाजूला नेलं. आजी म्हणाली, "माझ्यापाशी तरी बोलायचं व्हतं," आणि पदर तोंडात कोंबून रडली. आई रडली नाही. ती जाऊन गाडीत बसली आणि तिनं काच वर केली.

परतीला दोन दिवस होते. त्याच गाडीत, गुडघ्याला गुडघा लावून आम्ही सगळे. मधे जगातला सगळ्यात सुंदर असावा असा किनारा आला, पांढरी वाळू, मागे घनदाट रान. कुणी उतरलं नाही. मुक्तानं तीनदा विचारलं, "आपण भांडलोय का?" मी बाबांच्या शेजारी बसले होते. त्यांचा हात माझ्या हाताशेजारी होता. मी तो धरला नाही. आजही त्या दोन दिवसांतलं मला हेच आठवतं.

घरी आल्यावर ते साडेतीन महिने जगले. आईनं त्यांचं सगळं केलं. औषधं, अंघोळ, रक्ताची थुंकी, सगळं. शब्द मात्र एक नाही. बाबाही मागत नव्हते.

ते जाण्याच्या आठ दिवस आधीची दुपार. आई त्यांना ज्वारीची पेज भरवत होती, मी दारात होते. अचानक आई बोलली. ती सासऱ्यांना मामा म्हणायची.

"मामा, त्या रविवारी मी बी आले व्हते फोनच्या बूथवर. हिला कडेवर घेऊन बाहेर उभी व्हते. तुमचं झाल्यावर मी बोलणार व्हते. तुमी बाहेर येऊन म्हणलात, लाईन तुटली."

बाबांनी डोळे उघडले.

"तुटली व्हती का तुमी ठिवला?"

त्यांच्या तोंडातली पेज हनुवटीवर ओघळली.

"म्या ठिवला," ते म्हणाले. "रागानं."

आईनं मान हलवली, जणू तिला तेवढंच हवं होतं. त्यांच्या हनुवटीवर ओघळलेली पेज पदरानं टिपली. चमचा पुन्हा भरला, फुंकर घातली आणि त्यांनी तोंड उघडण्याची वाट बघत बसून राहिली.